अजिनोमोटो सोसत नाही? समज, शास्त्र आणि अजिंठ्याची वाट

चायनीज पदार्थ खाल्ल्यानंतर डोके जड होणे, मानेमागे बधिरता येणे, चेहरा लालबुंद होणे, छातीत धडधडणे, घाम फुटणे अशा तक्रारी अनेक जण करतात. त्यांतील बहुतेकांचा संशय एकाच पांढऱ्या स्फटिकावर असतो. त्याचे शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, संक्षेपाने एमएसजी. आपल्याकडे ते 'अजिनोमोटो' या एका जपानी कंपनीच्या नावानेच ओळखले जाते. ही तक्रार खरी की मनाची, खरी असल्यास तिच्यासह रोजचे जेवण, लग्नकार्ये आणि प्रवास कसा निभावायचा, हे प्रश्न केवळ खवय्यांचे नाहीत. चुकीच्या पदार्थावर खापर फोडले की खरा आजार नजरेआड राहतो. उलट, खरी तक्रार कोणी मनावर घेतली नाही की ती व्यक्ती चारचौघांत जेवणेच टाळू लागते.

चव आली कोठून?

टोकियो इम्पिरियल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शैवालाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळे केले. गोड, आंबट, खारट आणि कडू या चार चवींत न बसणाऱ्या या चवीला त्यांनी 'उमामी' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, हे द्रव्य 'अजिनोमोटो' या नावाने बाजारात आले. या जपानी शब्दाचा अर्थ 'चवीचे मूळ' असा होतो.

ग्लुटामेट हे काही परके रसायन नव्हे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांपैकी ग्लुटामिक आम्ल हे एक. पिकलेले टोमॅटो, मुरवलेले चीज, अळंबी, सोया सॉस यांत ते मोकळ्या स्वरूपात असते. आईच्या दुधातही ते असते आणि गाईच्या दुधापेक्षा त्याचे प्रमाण तेथे कितीतरी अधिक असते. पदार्थातील नैसर्गिक ग्लुटामेट आणि वरून घातलेले ग्लुटामेट यांत शरीर भेद करीत नाही. प्रयोगशाळेलाही तो सहजासहजी करता येत नाही. या एका गोष्टीमुळे आपल्याकडे पुढे न्यायालयीन वाद उभा राहिला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

एका पत्रातून उठलेले वादळ

१९६८ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात अमेरिकेतील रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांचे पत्र प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांत जेवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत मानेमागे बधिरता येते, अशक्तपणा आणि धडधड जाणवते व सुमारे दोन तासांत सारे ओसरते, असे त्यांनी लिहिले. सोया सॉस, स्वयंपाकात वापरलेले मद्य, मिठाचे जास्त प्रमाण आणि एमएसजी अशा अनेक शक्यता त्यांनी मांडल्या होत्या. लोकांच्या लक्षात मात्र शेवटची तेवढी राहिली. पुढे या लक्षणसमूहाला 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' म्हटले जाऊ लागले. एका समाजाच्या जेवणावर ठपका ठेवणारे हे नाव आता वैद्यकात टाळले जाते.

१९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना एमएसजीची मोठी मात्रा टोचली असता त्यांच्या मेंदूच्या काही भागास इजा झाल्याचे दाखविले. टोचून दिलेली मोठी मात्रा आणि जेवणातून पोटात जाणारी अल्प मात्रा यांत महदंतर असले, तरी भीतीने मूळ धरले. खाल्लेल्या ग्लुटामेटचा बहुतांश भाग आतड्याच्या पेशीच ऊर्जेसाठी वापरतात व रक्तात त्याचा फारच थोडा अंश उतरतो, हे नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

चाचण्या काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये एमएसजीसाठी रोजच्या सेवनाची संख्यात्मक मर्यादा घालण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनासाठी १९९५ मध्ये तयार झालेल्या अहवालात मात्र एक महत्त्वाची नोंद आहे. उपाशीपोटी, अन्नाशिवाय ३ ग्रॅम किंवा अधिक एमएसजी घेतल्यास काही व्यक्तींना डोकेदुखी, बधिरता, चेहऱ्यावर लाली, मुंग्या, धडधड, झापड यांसारखी सौम्य व अल्पकाळ टिकणारी लक्षणे जाणवू शकतात. त्याच प्रशासनाच्या म्हणण्यानुसार एमएसजी घातलेल्या पदार्थाच्या एका वाढपात ते सामान्यतः अर्ध्या ग्रॅमहून कमीच असते.

'आपल्याला एमएसजीचा त्रास होतो' असे स्वतःच सांगणाऱ्या १३० व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. कोणाला एमएसजी दिले आणि कोणाला नुसते निरुपद्रवी द्रव्य, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही. पुनःपुन्हा चाचणी घेतल्यावर एमएसजीला प्रतिसाद देणारे केवळ दोघे उरले. काहींना तर निरुपद्रवी द्रव्यानेही त्रास झाला. त्रास होईल या अपेक्षेनेच त्रास होणे याला वैद्यकात 'नोसिबो' परिणाम म्हणतात. यात ढोंग नसते. डोके खरोखरच दुखते, फक्त त्याचे कारण ताटाबाहेर असते.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये अधिक सावध भूमिका घेतली आणि शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचविली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती १.८ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहूनही कमी भरते. हातगाडीवर कढईत चिमूट पडते की मूठ, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. संवेदनशील व्यक्तीची खरी अडचण येथे आहे.

सगळा दोष एकाचाच नव्हे

एमएसजीच्या त्रासाला सर्रास 'अॅलर्जी' म्हटले जाते, ते बरोबर नाही. शेंगदाणे किंवा कोळंबीच्या अॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळते आणि अल्प मात्रेनेही जिवावर बेतू शकते. एमएसजीच्या बाबतीत ती यंत्रणा गुंतलेली आढळत नाही. हा मात्रेवर अवलंबून असणारा असहनशीलतेचा प्रकार आहे. त्यामुळे त्वचेवर टोचून करावयाच्या अॅलर्जी चाचणीत तो दिसत नाही. केसांच्या नमुन्यावरून अन्नाची असहनशीलता ओळखण्याचा दावा करणाऱ्या महागड्या चाचण्यांनाही शास्त्रीय आधार नाही.

ज्याचे खापर अजिनोमोटोवर फुटते, त्या ताटात इतरही संशयित असतात. ते पुढीलप्रमाणे :

सल्फाइट (आयएनएस २२० ते २२८) : बेदाणे, सुकी जर्दाळू, काही बाटलीबंद रस व वाइन यांत रंग आणि टिकाऊपणासाठी वापरतात. दमा असलेल्या काही रुग्णांना त्याने श्वास लागू शकतो. या यादीतील सर्वांत गंभीर द्रव्य हेच. याउलट, एमएसजी टाळल्याने जुन्या दम्यात फायदा होतो, असे २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेत आढळले नाही.

कृत्रिम रंग : टार्ट्राझीन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसीन (१२२), पोन्सो ४ आर (१२४) हे मिठाई, सरबते, जिलेबी, मांचुरियन यांत दिसतात. टार्ट्राझीनने काहींच्या अंगावर पित्त उठते. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील अभ्यासात २००७ मध्ये काही रंगांच्या मिश्रणाचा मुलांच्या चंचलतेशी संबंध आढळला. २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांच्या वेष्टनांवर तशी सूचना छापणे बंधनकारक झाले.

सोडियम बेंझोएट (२११) : सॉस, सरबते व शीतपेयांतील हे परिरक्षक क्वचित पित्त उठण्यास कारण ठरते.

मीठ व तेल : एमएसजीत सुमारे १२ टक्के सोडियम असते, तर साध्या मिठात सुमारे ३९ टक्के. सोया सॉस, मीठ व अजिनोमोटो एकत्र आल्यावर तहान आणि जडपणा यांचे कारण बहुधा एकूण मिठातच असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

मुंबईतील खटला आणि वेष्टनावरील तीन शब्द

एमएसजीचा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला तो २०१५ मध्ये. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे तपासलेल्या मॅगी नूडल्सच्या नमुन्यातून वाद सुरू झाला. 'नो अॅडेड एमएसजी' असे वेष्टनावर छापलेले असताना चाचणीत ग्लुटामेट आढळले. त्याहून गंभीर आरोप शिशाच्या प्रमाणाचा होता. ५ जून २०१५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उत्पादन बाजारातून मागे घेण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही बंदी घातली. नेस्ले कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने हे आदेश रद्द केले. कंपनीला म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नाही आणि चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नाहीत, हे त्यामागील प्रमुख मुद्दे होते. न्यायालयाच्या आदेशानुसार नव्या चाचण्या झाल्या, शिसे मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. वेष्टनावरील तो दावा मात्र कंपनीने काढून टाकला.

गव्हाचे पीठ, कांद्याची पूड, शेंगदाण्याचे प्रथिन यांतूनही ग्लुटामेट येते. त्यामुळे 'आम्ही घातले नाही' आणि 'यात नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत, हा या प्रकरणाचा ग्राहकासाठी खरा धडा होता. केवळ चाचणीवरून नैसर्गिक व घातलेले ग्लुटामेट ओळखता येत नाही, हे प्राधिकरणाने २०१६ मध्ये स्वतःच मान्य केले.

कायदा कोठवर साथ देतो?

२०११ च्या विनियमांनुसार बारा महिन्यांखालील बालकांच्या अन्नात एमएसजी घालण्यास मनाई आहे. दूध, ताजी फळे व भाज्या, पीठ, मध अशा अनेक पदार्थांतही ते घालता येत नाही. इतरत्र घातल्यास वेष्टनावर तशी घोषणा हवी. २०२० च्या लेबलविषयक विनियमांनी अॅलर्जीकारक घटक ठळकपणे सांगण्याचे बंधन घातले आहे. प्रतिकिलो १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइटचा त्यांत समावेश आहे. एमएसजी त्या यादीत नाही.

वेष्टन वाचताना ६२१ हा क्रमांक शोधावा. त्याचबरोबर ६२७, ६३१ व ६३५ हे क्रमांकही पाहावेत. ही द्रव्ये ग्लुटामेटची चव वाढवतात आणि बहुधा त्याच्या जोडीनेच येतात. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन', 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' आणि 'सोया सॉस' या शब्दांआडही मोकळे ग्लुटामेट असते. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृह-साखळ्यांना पदार्थांतील अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे. महामार्गावरील ढाबा आणि चौकातील गाडी यांना हा नियम लागू नाही. तेथे विचारणे एवढाच मार्ग उरतो.

अजिंठ्याला जाताना

ही सारी माहिती प्रवासात कसोटीला लागते. जागतिक वारसास्थळ असलेल्या अजिंठ्याचा एक दिवसाचा फेरफटका हे त्याचे उत्तम उदाहरण. छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव व घाट उतरून फर्दापूर असे सुमारे शंभर किलोमीटर जावे लागते. जळगावहून हे अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. फर्दापूर फाट्यावर खासगी वाहने थांबतात. तेथून लेण्यांच्या पायथ्यापर्यंतचे चारेक किलोमीटर बसने जायचे असते. सोमवारी लेणी बंद असतात. सकाळी लवकर निघून सायंकाळी परतायचे तर दिवसातील दोन खाणी तरी बाहेर होतात.

वाटेवरच्या ढाब्यांवर नूडल्स आणि मांचुरियन आता भाकरी-पिठल्याइतकेच सहज मिळतात. संवेदनशील व्यक्तीने त्यांऐवजी ज्याचे घटक डोळ्यांना दिसतात असे ताट निवडावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, वांग्याचे भरीत, वरण-भात, ताक यांत एमएसजीची शक्यता कमी असते. मराठवाडा-खानदेशच्या सीमेवरची प्रसिद्ध शेवभाजी घेताना तयार मसाला वापरतात का आणि शेवेत रंग आहे का, एवढे विचारावे. 'भाजीत अजिनोमोटो किंवा चवीची पावडर टाकता का?' असा सरळ प्रश्न विचारल्यास आचारी बहुधा सरळ उत्तर देतो. 'काही केमिकल घालता का?' असे विचारल्यास त्याला तो आरोप वाटतो आणि उत्तर 'नाही' असेच येते.

सर्वांत भरवशाची शिदोरी घरचीच. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ, केळी हे प्रवासाचे जुने पदार्थ दिवसभर टिकतात आणि त्यांचा प्रत्येक घटक ठाऊक असतो. संरक्षित स्मारकाच्या आत खाण्यावर निर्बंध असतात. त्यामुळे शिदोरी वर चढण्यापूर्वी किंवा खाली उतरल्यावरच उघडावी. पाणी मात्र सोबत असावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कातळात कोरलेल्या या लेण्यांपर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात. मार्च ते जूनमध्ये कातळ तापतो. उन्हात चालल्यावर चेहरा लाल होणे, डोके दुखणे, धडधडणे, अशक्तपणा येणे ही उष्णतेच्या त्रासाची आणि शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे आहेत. एमएसजीच्या नावावर नोंदली जाणारी लक्षणेही नेमकी हीच. सकाळी ढाब्यावर खाल्लेल्या नूडल्सला दोष देत उन्हात चालत राहणे धोक्याचे. अशा वेळी प्रथम सावली, विश्रांती आणि पाणी. मधुमेही व्यक्तीस साखर कमी झाल्यानेही घाम व धडधड होते, हे सोबतच्यांनी लक्षात ठेवावे.

छातीत दाब किंवा जबडा-हाताकडे जाणारी कळ, श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाल्यास 'अजिनोमोटोचे असेल, उतरेल' असे म्हणत थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाट चढून सिल्लोडच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत जाण्यास वेळ लागतो, त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा. दम्याच्या रुग्णांचा पंप गाडीत नव्हे, खिशात हवा.

खरी बाधा ओळखावी कशी?

संशय असेल तर आधी वही घालावी. काय खाल्ले, किती वाजता, उपाशीपोटी की जेवणात, त्रास कधी सुरू झाला, किती वेळ टिकला, झोप कशी झाली होती, ऊन वा मद्य होते का, या नोंदी चार-सहा आठवडे ठेवाव्यात. त्या घेऊन डॉक्टरांकडे जावे. अर्धशिशी, रक्तदाब, हृदयाची अनियमित गती, आम्लपित्त आणि थायरॉइडचे विकार यांची शक्यता आधी तपासली जाते. त्यानंतर संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवून, मग एकेक करून परत सुरू करण्याची पद्धत वापरतात. शक्य असल्यास यातील फेरचाचणी रुग्णाला न सांगता केली जाते. दमा किंवा पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आलेली असल्यास हा प्रयोग घरी करू नये.

एमएसजीच्या त्रासावर वेगळे औषध नाही. तो काही तासांत आपोआप ओसरतो. उपाशीपोटी सूप किंवा पातळ रस्सा न घेणे, आधी भात-पोळीसारखे पिष्टमय अन्न खाणे, एका वेळी अशा पदार्थाचे प्रमाण थोडे ठेवणे एवढ्यानेही अनेकांना आराम पडतो. संपूर्ण वर्ज्य करण्याची गरज फार थोड्यांना असते.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. केवळ संशयावरून एकामागून एक पदार्थ बंद केल्यास वाढीच्या वयात पोषण घटते आणि मुलाच्या मनात अन्नाची भीती बसते. अशी यादी आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याविना वाढवू नये.

घरच्यांसाठी

संवेदनशील व्यक्तीला सर्वाधिक त्रास पदार्थाचा होत नाही, तो 'एवढ्याने काय होते' या आग्रहाचा होतो. पाहुण्याने नको म्हटल्यावर लपवून वाढणे हा आदरातिथ्याचा भाग होऊ शकत नाही. सल्फाइट किंवा रंगाची बाधा असलेल्याच्या बाबतीत ते धोक्याचेही ठरते. त्याचप्रमाणे चाचणीत बाधा सिद्ध झाली नाही, तर रुग्णाला खोटे पाडण्याऐवजी डोकेदुखीचे खरे कारण शोधण्यास मदत करावी.

वेष्टनावरील माहिती चुकीची वाटल्यास किंवा उघड्या पदार्थात भडक रंग दिसल्यास जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे तक्रार करता येते. तक्रारीसाठी बिल आणि वेष्टन जपून ठेवावे. वेष्टनावरील बॅच क्रमांक व तारीख यांच्या आधारेच पुढील तपास होतो.